उरलेल्या जठरातला कॅन्सर आणि त्याचं ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी कधीतरी अर्धं किंवा पाऊण जठर काढलंय आणि आता उरलेल्या तुकड्यात कॅन्सर निघालाय, अशा पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलंय. प्रश्न तेच आहेत जे ओपीडीत विचारले जातात, आणि काही तर दाराबाहेर पडता पडता मागे वळून विचारले जातात (खरा प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो). एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच, कारण खाली ती परत परत येणार आहे: जुन्या ऑपरेशनचे कागद शोधायला लागा. बाकीचं वाचन नंतर केलं तरी चालेल.

हा आधीचाच आजार परत आलाय की नवीन काही?

दोन्ही शक्य आहे, आणि दोन्हीत फरक आहे. पहिलं ऑपरेशन अल्सरसाठी झालं असेल, म्हणजे तेव्हा कॅन्सर नव्हताच, तर आत्ताचा कॅन्सर नवीनच. जुन्या व्याख्येप्रमाणे अशा ऑपरेशननंतर ५ वर्षं किंवा जास्त काळाने उरलेल्या जठरात कॅन्सर झाला तरच त्याला ‘उरलेल्या जठराचा कॅन्सर’ हे नाव द्यायचे. पहिलं ऑपरेशन कॅन्सरसाठीच झालं असेल तर गुंता वाढतो, कारण मग तीन शक्यता असतात: जुना परत आला, तेव्हाच दुसरीकडे एक बारीक गाठ होती ती दिसली नाही, किंवा खरंच नवीन झाला. काही जण इथे १० वर्षांची रेघ मारतात, जपानी पद्धतीत मात्र पहिला आजार कुठला आणि मधे किती वर्षं गेली हे न बघता उरलेल्या जठरातल्या सगळ्या कॅन्सरना एकाच नावाखाली घेतात आणि ही माहिती बाजूला नोंदवून ठेवतात.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाहीये. जुना कॅन्सर लवकर परत आला असेल तर तो जोडापुरताच (जिथे जठर आतड्याला जोडलंय ती जागा) आहे की पोटात अजून कुठे पसरलाय ही शंका जास्त घ्यावी लागते. नवीन असेल तर तो नेहमीच्या जठराच्या कॅन्सरसारखा धरून, काढून टाकायच्या उद्देशाने पुढे जाता येतं.

अल्सरचं ऑपरेशन होऊन तीस वर्षं झाली, इतक्या वर्षांनी कसं काय?

इतक्या वर्षांनीच होतो, हेच त्याचं वैशिष्ट्य. अल्सरच्या ऑपरेशननंतर साधारण २० ते ३० वर्षं आणि कधी त्याहूनही जास्त काळ जातो. कॅन्सरसाठी झालेल्या ऑपरेशननंतर हे अंतर बऱ्यापैकी कमी असतं, कारण त्या जठराचं अस्तर आधीपासूनच बिघडलेलं असतं.

थोडा इतिहास सांगतो कारण त्याशिवाय हे समजत नाही. जठराचा भाग कापून पेशंट वाचवायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन थिओडोर बिलरॉथने व्हिएन्नात १८८१ मध्ये केलं. पुढची जवळपास शंभर वर्षं अल्सर बरा होत नसेल तर जठर कापा हाच मोठा उपाय होता. मग १९७० च्या दशकात ॲसिड कमी करणारी चांगली औषधं आली, १९८० च्या दशकात एच. पायलोरी हा जंतू अल्सरच्या मुळाशी आहे हे कळलं (वॉरन आणि मार्शल यांना त्यासाठी २००५ चं नोबेल मिळालं) आणि अल्सरची ऑपरेशनं जवळजवळ बंद पडली. पण आधी ज्यांची झाली ती माणसं आता म्हातारी झालीयेत. अल्सर काढलेल्या जठरातल्या कॅन्सरवर बाल्फोर या सर्जनने १९२२ मध्येच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे ही नवीन भानगड नाही.

कारण काय तर, जठराचं खालचं दार गेलं की पित्त आणि स्वादुपिंडाचा रस उलटा वर जठरात यायला लागतो आणि अस्तर वर्षानुवर्षं भाजत राहतं. ॲसिड कमी झाल्यामुळे तिथे नको ते जंतू वाढतात आणि ते अन्नातल्या नायट्रेटपासून कॅन्सर घडवणारी द्रव्यं तयार करतात. शिवाय एच. पायलोरीही असू शकतो. आणि या कॅन्सरमध्ये एपस्टाइन-बार नावाचा व्हायरस नेहमीच्या जठराच्या कॅन्सरपेक्षा जास्त वेळा सापडतो.

म्हणजे तेव्हाच्या डॉक्टरांचं चुकलं का?

नाही. त्या काळी रक्तस्राव होणारा किंवा फुटलेला अल्सर माणूस मारायचा. ऑपरेशनने तीस वर्षं मिळाली, हेही हिशोबात धरा.

बिलरॉथ वन, बिलरॉथ टू, रू-एन-वाय, हे सगळं पेशंटला कशाला कळायला हवं?

सगळं नको, पण आपलं कुठलं ते कळायला हवं, कारण नवीन ऑपरेशन जुन्याच्या नकाशावर होतं.

बिलरॉथ वन म्हणजे जठराचा खालचा भाग काढून उरलेलं जठर सरळ ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला जोडलं. बिलरॉथ टू मध्ये ड्युओडेनमचं तोंड शिवून बंद केलं आणि खालून आतड्याचा एक फास वर आणून जठराला चिकटवला. रू-एन-वाय मध्ये आतडं कापून एक लांब पाय वर आणला आणि पित्ताचा रस्ता बराच खाली जोडला, त्यामुळे पित्त वर कमी येतं.

बिलरॉथ टू मध्ये पित्त थेट जोडावरून वाहतं म्हणून अल्सरवाल्यांमध्ये कॅन्सर बऱ्याचदा अगदी जोडावर किंवा त्याला लागून असतो. आणि जोड ओलांडून तो आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लिम्फ नोडमध्ये (शरीरातल्या लिम्फ या द्रवाच्या छोट्या गाळण्या) जाऊ शकतो, नेहमीच्या जठराच्या कॅन्सरमध्ये हा रस्ताच नसतो. बिलरॉथ वन मध्ये आतड्याच्या पडद्याचा हा प्रश्न येत नाही, पण ड्युओडेनमचा जुना जोड स्वादुपिंडाच्या डोक्यावर चिकटून बसलेला असतो आणि तो सोडवून ड्युओडेनम नव्याने बंद करावा लागतो. बिलरॉथ टू मध्ये ते तोंड वर्षांपूर्वीच बंद झालेलं असतं, शक्यतो कोणी त्याला हात लावत नाही.

अजून एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट: आतड्याचा तो फास मोठ्या आतड्याच्या पुढून वर नेला होता की त्याच्या पडद्याला भोक पाडून मागून. मागून असेल तर मोठ्या आतड्याला रक्त देणारी मुख्य नस तिथेच जवळून जाते आणि गाठ तिच्यात घुसली असेल तर मोठ्या आतड्याचा तुकडाही काढावा लागतो. पेशंटला हे आधी सांगितलेलं बरं, शुद्धीवर आल्यावर कळण्यापेक्षा.

जुने कागद नाहीतच. हॉस्पिटलच बंद झालं. आता?

होतं असं, आणि त्यावाचून काही अडत नाही, फक्त काम वाढतं. स्कोपमध्ये (तोंडातून आत घालायची दुर्बीण) जोडापलीकडे आतड्याची दोन तोंडं दिसली तर बहुधा बिलरॉथ टू, एकच सरळ रस्ता ड्युओडेनममध्ये गेला तर बिलरॉथ वन. सीटी स्कॅनवर कुठल्या नसा कापलेल्या आहेत, फास पुढून आहे की मागून, जठर किती उरलंय हे बरंचसं वाचता येतं. तरीही घरी एखादं जुनं डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, अगदी फाटका कागद असला तरी घेऊन या. पहिला आजार कॅन्सर असेल तर तेव्हा किती लिम्फ नोड काढले आणि जठराला रक्त देणाऱ्या डाव्या गॅस्ट्रिक धमनीचं मूळ बांधलं होतं का, या दोन ओळी सोन्यासारख्या आहेत.

इतक्या उशिरा का कळतं? लक्षणं नसतात का?

असतात पण लोक जुन्या ऑपरेशनच्या खात्यावर टाकतात. जेवल्यावर पोट गच्च होणं, पित्ताची उलटी, वजन न वाढणं, हिमोग्लोबिन कमी, हे सगळं ऑपरेशन झालेल्या माणसाला तसंही असतं, त्यामुळे पेशंट म्हणतो माझं हे पहिल्यापासूनच आहे आणि डॉक्टरही कधीकधी गोळी लिहून देतात. शिवाय उरलेलं जठर बरगड्यांच्या आत वर लपलेलं असतं, गाठ हाताला लागत नाही, आणि खालचं दार आधीच मोकळं केलेलं असल्यामुळे लवकर अडथळाही येत नाही.

काय बदललं ते बघा. असलेला त्रास वाढला, घास अडकायला लागला, काळी शी झाली, वजन नव्याने उतरायला लागलं, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, तर स्कोप करून घ्या. बस.

ऑपरेशनआधी कुठल्या तपासण्या होतात?

स्कोप आणि बायोप्सी तर पहिली, आणि एकापेक्षा जास्त तुकडे घ्यावे लागतात कारण जोडाजवळचं अस्तर तसंही लाल आणि खडबडीत असतं, त्यात गाठ लपते. मग छाती आणि पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी. गाठ वरवर वाटली तर खोली बघायला स्कोपच्या टोकावरची सोनोग्राफी. पेट (PET) स्कॅन उपयोगी पडतो पण काही प्रकारचे जठराचे कॅन्सर, विशेषतः सिग्नेट रिंग पेशींचे, त्यावर नीट चमकत नाहीत, म्हणजे पेट स्वच्छ आला म्हणून नाचायचं नाही.

बऱ्याचदा मोठ्या ऑपरेशनआधी लॅप्रोस्कोपी (पोटाला छोटी भोकं पाडून आत दुर्बीण घालणं) करून पोटाच्या आवरणावर बारीक दाणे आहेत का बघतात आणि पोट धुऊन ते पाणी तपासायला पाठवतात. जुन्या चिकटण्यामुळे इथे ही तपासणी अर्धवट होऊ शकते, तरी शक्य तेवढी केलेली चांगली. बायोप्सीवर हर-२, एमएसआय, पीडी-एल१ या टेस्ट लावल्यात का ते विचारा, औषध ठरवताना लागतात.

पोट न उघडता दुर्बिणीतून काढता येईल का?

अगदी लवकर सापडला तर हो. गाठ फक्त सगळ्यात आतल्या थरात असेल, पेशी बऱ्यापैकी सुबक प्रकारच्या असतील, आकार २ सेंटीमीटरच्या आत आणि मधे अल्सर नसेल तर लिम्फ नोडमध्ये पसरलेलं असण्याची शक्यता खूप कमी असते, आणि मग स्कोपमधूनच खालचा थर सोलून गाठ अखंड काढतात. अनुभवी केंद्रं याच्या थोडं पुढेही जातात.

पण उरलेल्या जठरात हे काम नेहमीपेक्षा अवघड आहे. जागा कमी, स्कोप वळवायला वाव नाही, आत पित्त साचलेलं, आणि जुन्या टाक्यांच्या रेषेवर सगळं कातड्यासारखं घट्ट झालेलं, कधी धातूच्या पिनाही मधे येतात. भोक पडायचा धोका जास्त. म्हणून ज्याने हे बरेचदा केलंय त्याच्याकडेच करावं. आणि काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये गाठ खोल निघाली किंवा रक्तवाहिनीत, लिम्फच्या नळीत पेशी दिसल्या तर नंतर ऑपरेशन सांगतात, तेव्हा फसवलं असं वाटून घेऊ नका.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

उरलेलं सगळं जठर काढतात. डॉक्टर याला कंप्लीशन गॅस्ट्रेक्टमी म्हणतात, म्हणजे पहिल्या वेळी जे अर्धं राहिलं ते पूर्ण केलं.

पहिला मोठा वेळ जातो तो चिकटलेलं सोडवण्यात. जुन्या चिरेखाली आतडं लागलेलं असतं, जठराची कापलेली कड लिव्हरच्या डाव्या भागाला चिकटलेली असते, मागे स्वादुपिंड, खाली मोठं आतडं. घाई केली तर आतड्याला किंवा लिव्हरला इजा होते, म्हणून घरच्यांना बाहेर चार तास सांगितले आणि सात लागले तर लगेच वाईट शंका घेऊ नका, बहुतेक वेळा आत सर्जन बोटभर जागेसाठी भांडत असतो. यात एक अडचण अशी की चिकटलेलं आहे ते जुन्या ऑपरेशनमुळे की कॅन्सर आत घुसल्यामुळे, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. शंका असेल तिथे सोडवत बसण्यापेक्षा तो भाग बरोबरच काढायचा, कारण गाठ फाडून पोटात पेशी सांडल्या तर सगळ्या कष्टांवर पाणी. त्यामुळे लिव्हरचा छोटा तुकडा, मोठ्या आतड्याचा भाग, स्वादुपिंडाची शेपटी यांपैकी काहीतरी काढावं लागण्याची वेळ पहिल्या ऑपरेशनच्या तुलनेत इथे जास्त येते.

मग वरच्या बाजूला अन्ननलिका कापतात आणि कापलेली कड तिथल्या तिथे पॅथॉलॉजीला पाठवून ती स्वच्छ आहे ना बघतात. खालच्या बाजूला जुना जोड, त्याच्या दोन्हीकडचं थोडं आतडं आणि त्या आतड्याचा पडदा लिम्फ नोडसकट एकत्र निघतो.

शेवटी नवीन रस्ता बांधायचा. बहुतेक ठिकाणी रू-एन-वाय: आतड्याचा एक पाय वर नेऊन अन्ननलिकेला जोडायचा आणि पित्त आणणारं आतडं त्यावर ४० ते ६० सेंटीमीटर खाली जोडायचं, म्हणजे पित्त घशाशी येत नाही. आधी बिलरॉथ टू असेल तर जठरातून पुढे जाणारा जुना पायच बरेचदा वर नेता येतो. आधीच रू-एन-वाय असेल आणि तो पाय पुरेसा लांब असेल तर तोच परत वापरतात, एक जोड वाचतो. आतड्याचा पडदा आखूड असेल किंवा आधीच्या चिकटण्याने आवळला असेल तर वर पोचवताना ताण येतो, आणि ताणलेला जोड गळतो, म्हणून इथे सर्जन वेळ घेतो तो घेऊ द्या.

गाठ एवढीशी आहे, तेवढाच तुकडा काढून बाकीचं जठर ठेवता येत नाही का?

क्वचित. अगदी लवकरची गाठ, जोडाजवळ, आणि वर पुरेसं निरोगी जठर शिल्लक, असं जुळून आलं तर काही ठिकाणी करतात. पण उरलेलं जठर आधीच मुठीएवढं असतं, त्यातून सुरक्षित अंतर सोडून गाठ काढली की ठेवण्यासारखं काही राहत नाही. आणि उरलेलं अस्तर तेच, वर्षानुवर्षं भाजलेलं. मला विचाराल तर तेवढ्याशा पिशवीसाठी तिसऱ्यांदा पोट उघडायची वेळ येऊ नये.

पहिल्या वेळी लिम्फ नोड काढले होते ना, मग आता काय काढणार?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर सगळ्यात कळीचा आहे. नेहमीच्या जठरात लिम्फचा मोठा रस्ता डाव्या गॅस्ट्रिक धमनीच्या बाजूने जातो. कॅन्सरच्या पहिल्या ऑपरेशनमध्ये तो रस्ता कापलेला असतो, मग लिम्फ दुसरी वाट शोधतं: प्लीहेकडे (म्हणजे स्प्लीन), प्लीहेच्या धमनीच्या बाजूने, वर छातीच्या तळाशी, आणि बिलरॉथ टू असेल तर खाली आतड्याच्या पडद्यात. उरलेल्या जठराला रक्तही बहुतांश प्लीहेकडूनच मिळत असतं, त्यामुळे त्या बाजूचे नोड नीट काढणं महत्त्वाचं. अल्सरसाठी ऑपरेशन झालं असेल तर मात्र तेव्हा नोड काढायचं कारण नव्हतं, मूळ रस्ते जागेवर असतात आणि ते सगळे आता काढावे लागतात.

रिपोर्टमध्ये एकूण नोडचा आकडा कमी आला तर घाबरू नका. नेहमीच्या जठराच्या कॅन्सरला निदान १६ नोड तपासावेत असा नियम आहे, पण ज्याचे आधीच काढून झालेत त्याच्याकडे तेवढे शिल्लक नसतात. फक्त त्यामुळे स्टेज थोडी सांभाळून वाचावी लागते.

प्लीहा पण काढणार का?

गाठ प्लीहेत किंवा तिच्या देठाशी घुसली असेल, तिथले नोड उघड मोठे असतील तर हो. नुसतं खबरदारी म्हणून, नाही. जपानमध्ये वरच्या भागातल्या जठराच्या कॅन्सरवर मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला, मोठ्या वक्रतेकडे (जठराच्या बाहेरच्या लांब कडेकडे) न गेलेल्या गाठींमध्ये प्लीहा काढून आयुष्य वाढलं नाही आणि गुंतागुंत मात्र वाढली. ती चाचणी पहिल्यांदा होणाऱ्या कॅन्सरची होती, पण सर्जन इथेही त्यातून शिकतात. काढायची शक्यता असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंजोकॉकस आणि हिब या लसी ऑपरेशनच्या साधारण २ आठवडे आधी घेतलेल्या बऱ्या.

लॅप्रोस्कोपीने किंवा रोबोटने होईल का?

होतं, निवडक पेशंटमध्ये आणि ज्यांचा हात बसलाय अशांकडे. रक्त कमी जातं, माणूस लवकर उठतो. पण मधेच चिकटणं फार निघालं तर पोट उघडावं लागतं, आणि ते अपयश नाही, शहाणपणा आहे. सर्जनला यंत्र कुठलं हे विचारण्यापेक्षा दुसऱ्यांदा उघडलेल्या पोटात अशी किती केलीत हे विचारा.

केमो आधी की नंतर?

या कॅन्सरसाठी वेगळा केमो नाही, जठराच्या कॅन्सरचाच चालतो. बऱ्याच देशांत गाठ खोल असेल किंवा नोड असतील तर फ्लॉट नावाची चार औषधांची जोडणी देतात, दर २ आठवड्यांनी, ४ वेळा आधी आणि ४ वेळा नंतर. पूर्व आशियात आधी ऑपरेशन आणि मग एस-१ गोळ्या वर्षभर, किंवा कॅपेसिटाबिन आणि ऑक्सालिप्लॅटिन सहा महिने, ही पद्धत रुळलेली आहे.

आधी केमो देण्याचा इथे एक खास फायदा: ऑपरेशननंतर हे पेशंट इतके खंगतात की नंतरचा केमो अनेकांना पूर्ण झेपत नाही. पण गाठ रक्त गळत असेल किंवा घास खालीच जात नसेल तर आधी ऑपरेशन करावं लागतं. एमएसआय जास्त निघाला तर हिशोब बदलतो, त्या गाठींना नेहमीच्या केमोचा फायदा कमी दिसतो आणि इम्युनोथेरपी (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कामाला लावणारी औषधं) चांगली चालते.

धोके काय आहेत, खरं सांगा.

सगळ्यात भीती जोड गळण्याची, म्हणजे अन्ननलिका आणि आतड्याच्या सांध्यातून. सहसा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत कळतं: ताप, छातीत धडधड, श्वास लागणं, ड्रेनमधून (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतून) गढूळ पाणी. स्वादुपिंडाला धक्का लागला तर त्याचा रस गळतो आणि आजूबाजूचं सगळं पचवायला लागतो, त्यातून पू आणि रक्तस्राव. शिवाय न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, जखम पिकणं. ही गुंतागुंत पहिल्या वेळच्या ऑपरेशनपेक्षा थोडी जास्तच असते कारण पोट आधी उघडलेलं आणि पेशंट वयाने मोठा. म्हणूनच ऑपरेशन अशा ठिकाणी करावं जिथे रात्री दोन वाजता सीटी होतो, नळी घालणारा रेडिओलॉजिस्ट येतो आणि आयसीयू आहे.

वय ७५ आहे, झेपेल का?

वयापेक्षा चालणं बघतात. जो माणूस स्वतः जिना चढतो, हृदय आणि फुप्फुस बरं आहे, तो साठीच्या बसून राहणाऱ्या माणसापेक्षा चांगला निभावतो. आधीचे दोन-तीन आठवडे फुकट घालवू नका: सिगारेट बंद, रोज चालणं, श्वासाचे व्यायाम, जेवणात प्रथिनं वाढवणं. लोहाची कमतरता असेल तर सलाईनमधून लोह, कारण ॲसिडशिवाय गोळ्या नीट मुरत नाहीत. घास जातच नसेल तर आधी नळीने खायला घालून ताकद आणतात आणि मग ऑपरेशन.

जठरच नाही तर जेवण जाणार कुठे?

सरळ आतड्यात. जठर हे साठवायचं आणि घुसळायचं भांडं आहे, पचनाचं मोठं काम आतड्यातच होतं. त्यामुळे जगता येतं, फक्त एका वेळी थोडं आणि दिवसातून सहा-सात वेळा. चावून चावून खायचं, जठराचं घुसळणं आता दातांनी करायचं. पाणी जेवणाबरोबर नको, अर्धा तास मागेपुढे.

गोड किंवा पातळ पदार्थ पटकन गेला तर १५ ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब होतात, त्याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार दीड-दोन तासांनी येतो, साखर एकदम खाली जाते आणि हातपाय थरथरतात. गंमत अशी की यातले बरेच पेशंट पहिल्या ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं असंच थोडं थोडं खात आलेले असतात, त्यामुळे नवशिक्यापेक्षा ते लवकर जुळवून घेतात. वजन तरीही उतरतं, पूर्ण जठर गेल्यावर १० ते २० टक्के उतरणं नेहमीचं आहे. झोपताना डोकं उंच ठेवा. आणि ॲसिडच्या जुन्या गोळ्या सवयीने चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, ॲसिड बनवणारा कारखानाच गेला की जळजळ पित्ताची असते आणि त्या गोळीचा तिथे फारसा उपयोग नाही.

बी१२ चं इंजेक्शन कायमचं का?

हो, कायमचं. बी१२ शोषायला जठरात बनणारा एक घटक लागतो, जठर गेलं की तो शून्य. लिव्हरमध्ये काही वर्षांचा साठा असतो खरा, पण तुमचा साठा पहिल्या ऑपरेशननंतरच आटत आलेला असतो, म्हणून वाट न बघता लगेच सुरू करायचं. साधारण १००० मायक्रोग्रॅम दर महिन्याला किंवा डॉक्टर सांगतील तसं. रोज मोठ्या डोसची गोळीही काही जणांना चालते. पायात मुंग्या, तोल जाणं सुरू झाल्यावर घेतलं तर नसा पूर्ण भरून येतीलच असं नाही. जोडीला लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व यांची तपासणी चालू ठेवा.

ऑपरेशन होणार नाही म्हणाले. म्हणजे संपलं का?

लिव्हरमध्ये किंवा पोटाच्या आवरणावर पसरलं असेल तर सगळं जठर काढून आयुष्य वाढत नाही, उलट केमोचे महिने वाया जातात, म्हणून नाही म्हणतात. उपचार थांबत नाहीत. केमो, हर-२ असेल तर ट्रास्टुझुमॅब हे त्यावरचं औषध, इम्युनोथेरपी. घास अडकत असेल तर स्टेंट (रस्ता उघडा ठेवणारी जाळीची नळी) किंवा खाली आतड्यात खाण्याची नळी, रक्त थांबत नसेल तर स्कोपमधून उपाय किंवा थोडं रेडिएशन. क्वचित केमोने आजार इतका आटतो की ऑपरेशनचा विचार परत होतो. दुखण्यावरचे उपचार देणाऱ्या टीमला पहिल्यापासून भेटा, शेवटासाठी राखून ठेवू नका.

बरं होण्याची शक्यता किती?

आकडा एक नाही, स्टेजवर आहे. त्याच स्टेजच्या नेहमीच्या जठराच्या कॅन्सरशी तुलना केली तर निकाल साधारण सारखेच येतात. वाईट नाव पडलंय ते उशिरा सापडतो म्हणून. आतल्या थरात असताना काढला तर बहुतेक लोक बरे होतात. नोडमध्ये भरपूर गेला असेल किंवा कडेला पेशी राहिल्या तर अवघड. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: खोली, नोड, आणि कडा स्वच्छ आहेत का.

वजन कमी करायचं बायपास ऑपरेशन झालंय, तिथेही हे होतं का?

दुर्मीळ आहे पण अडचण वेगळी आहे. त्यात मोठं जठर काढत नाहीत, बाजूला बंद करून ठेवतात, आणि नेहमीचा स्कोप तिथे पोचतच नाही. म्हणून पोटात वरच्या बाजूला न थांबणारं दुखणं किंवा कारण न सापडणारा ॲनिमिया असेल तर नुसत्या स्कोपवर न थांबता सीटी मागा. ऑपरेशन करताना वरची छोटी पिशवी ठेवून खालचं बंद जठर नोडसकट काढता येतं.

माझं अल्सरचं ऑपरेशन झालंय, आत्ता काही त्रास नाही. स्कोप कधी करू?

सगळ्या देशांत एकच नियम नाही. पहिलं ऑपरेशन कॅन्सरचं असेल तर अनेक ठिकाणी दरवर्षी किंवा दोन वर्षांनी स्कोप करतात, आणि पाच वर्षं झाली म्हणून बंद करू नये, कारण नवीन कॅन्सर त्यानंतरच जास्त येतो. अल्सरचं असेल तर १५ ते २० वर्षांनंतर सुरुवात करून पुढचं अंतर बायोप्सीत काय दिसतं त्यावर ठरवतात. एच. पायलोरी एकदा तपासून घ्या, असेल तर त्याचा कोर्स पूर्ण करा. स्कोपच्या आदल्या दिवशी जेवण नेहमीपेक्षा लवकर आणि हलकं घ्या, कारण उरलेल्या जठरात अन्न रेंगाळतं आणि अर्धं जठर अन्नाखाली झाकलेलं असताना केलेला स्कोप नॉर्मल आला तरी त्याला अर्थ नाही, तसा झाला असेल तर परत करून मागा.